आंबलेला प्याला

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचा रस करायचं काम माझ्याकडे होतं. द्राक्षं आमच्याकडे कोणी पाहिली होती? हिंगणघाटच्या बाजारातून काळ्या मनुका यायच्या. त्या रात्रभर भिजवायच्या, सकाळी तामचिनीच्या पातेल्यात मंद आचेवर उकळायच्या, पळीनं चेचायच्या आणि धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून गाळायच्या. गडद लाल पाणी निघायचं. ते गार झालं की पांढऱ्या बाटलीत भरून बूच लावायचं आणि बाटली रांजणाखालच्या ओल्या रेतीत उभी करायची. दुसऱ्या दिवशी आइतवारी ती देवळात जायची. उन्हाळ्यात एका दिवसावर तो रस ठेवू नये, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. हातालाच माहीत होतं.

माझे यजमान देवळाचे राखणदार होते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. वडनेरच्या अलीकडे एका लहान गावाला लागून आमची ख्रिस्ती वस्ती होती. मध्ये कौलारू देऊळ, बाजूला शाळेची एक खोली, मागे राखणदाराची खोली. त्या खोलीत हे, मी आणि सासू. हे घंटा वाजवत, झाडलोट करत, कंदिलाच्या काचा पुसत. पाळकसाहेब आमच्याकडे राहत नसत. त्यांच्याकडे अनेक गावांच्या मंडळ्या होत्या. तीन-चार महिन्यांतून एकदा ते येत आणि तेव्हाच प्रभुभोजन होई. बाकीचे आइतवार शाळेचे मास्तर उपासना चालवत. मास्तर मंडळीचे मोठे पंचही होते. शाळेत आणि देवळात त्यांचा आवाज एकच असायचा.

ह्यांचं आधीचं सांगितलं नाही तर पुढचं कळणार नाही. हे पूर्वी हिंगणघाटला जिनात हमाल होते. कापसाच्या धुळीनं घसा सुकतो म्हणून पहिल्यांदा प्यायलो, असं सांगत. आमच्या जिल्ह्यात तेव्हा दारूबंदी होती. म्हणजे दारूचं दुकान नव्हतं, नाल्याच्या काठी भट्ट्या होत्या. आमची एकच मुलगी. ती चार वर्षांची असताना तिला ताप चढला आणि मी ह्यांना औषधासाठी हिंगणघाटला पाठवलं. ह्यांनी औषध घेतलं, खिशात ठेवलं आणि येताना नाल्यावर थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. औषधाचं बूचही निघालेलं नव्हतं. मुलगी सकाळीच गेली होती.

मातीच्या वेळी मास्तरांनी प्रार्थना केली. देवाला या घराची परीक्षा पाहायची होती, म्हणून त्यानं हे फूल खुडून नेलं, असं ते म्हणाले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही. मोठ्यानं कधी काही बोलायची मला सवय नव्हती, म्हणून माझं न बोलणं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मी लहानपणी वर्ध्याला मुलींच्या बोर्डिंगात चौथीपर्यंत शिकले. तिथे एक बायबलबाई आम्हाला शास्त्र शिकवायच्या. निंबाखाली चटई टाकून बसायचं. ऊन सरकलं की सावली सरकायची आणि आम्ही मुली चटई ओढत सावलीमागं जायचो. बाई हसायच्या आणि म्हणायच्या, "पाहा, निंबाच्या सावलीचा भरवसा नाही. सकाळी इकडे, दुपारी तिकडे. देव असा नाही. तो आज चांगला आणि उद्या वाईट, असं होत नाही. चांगलं जे मिळतं ते त्याच्याकडून. तो कोणाला पापाचं आमिष दाखवत नाही, आणि कोणी पडलं तर पाहू या पडतो का म्हणून पाय घालत नाही. ओढ आपल्याच पोटात असते, तीच आपल्याला ओढत नेते." आम्हाला तेव्हा फार कळलं नाही. पण चटई ओढताना हाताला लागायची ती माती अजून आठवते, आणि तिच्यासोबत ते शब्दही.

म्हणून मुलीच्या मातीजवळ मला वाटलं, देवाला यात का ओढता? ताप आला. भट्टी नाल्यावर होती. नाल्यावर थांबायची ओढ ह्यांची होती. यात देवानं केलेलं मला काही दिसेना. पण हे मास्तरांना सांगायचं कोणी?

हे स्वतः मात्र तसं कधी म्हणाले नाहीत. मुलीच्या मातीवर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली आणि पाळली. सुरुवातीला अंगाला कंप सुटायचा, जेवण राहायचं नाही. जिनातलं काम सोडलं, कारण तिथल्या सोबत्यांची वाट नाल्यावरूनच जायची. हिंगणघाटला जायचं झालं तर लांबच्या शेतांतून फेरा घेऊन जायचे. मी एकदा म्हटलं, "आता इतकी वर्षं झाली. सरळ वाटेनं जा ना." तर म्हणाले, "अवं, भट्टी नाल्यावर नाई. माह्या पोटात हाय ते. नाल्यावर निस्ता तिचा वास हाय. वास आला का ते पोटातली पेटते."

हे चांगले राहिले म्हणून मंडळीनं त्यांना राखणदार केलं. त्यांना एकच हौस होती. आमच्या मसणवटीत मुलीच्या शेजारची जागा त्यांनी चार दगड लावून ठेवली होती. आमची मसणवट म्हणजे बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला एक तुकडा. मंडळीतल्या माणसाला कुंपणाच्या आत जागा, मंडळीबाहेर काढलेल्याला कुंपणाबाहेर, असा नियम होता. "मी तिच्यापाशीच निजीन," असं हे इतक्या सहज म्हणायचे की जणू शेजारच्या घरी जायचं आहे.

गावातल्या आमच्या भावकीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढचा उन्हाळा. पाळकसाहेब येणार म्हणून निरोप आला. मी शनिवारी रस केला, मास्तरांनी नेहमीप्रमाणे बाटलीवर हात ठेवून प्रार्थना केली. आणि आइतवारी पहाटे दुसरा निरोप आला की साहेबांना ताप आहे, पुढच्या आइतवारी येतील.

आमच्याकडचा एप्रिल महिना. रांजणातलं पाणी दुपारी कोमट होतं. मंगळवारी बाटलीचं बूच आपोआप उडून चुलीपाशी पडलं. बाटलीच्या तोंडाशी फेस होता. मी वास घेतला आणि तशीच बसून राहिले. भट्टीवर मडक्यांत जो सडवा आंबत ठेवतात त्याचा वास ज्या बाईनं नवऱ्याच्या अंगाला घेतला आहे, तिला तो दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही.

हे बाहेरून आले आणि दारातच थांबले.

"काय हाय ते?"

"रस आंबला."

"घरातून ने. आत्ताच ने." असं म्हणून हे परत फिरले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत. देवळाच्या पायरीवर बसून राहिले होते.

मी बाटली फडक्यात गुंडाळून शाळेच्या दारात गेले. मास्तरांशी मी तोपर्यंत सलामाच्या पलीकडे बोलले नव्हते.

"मास्तर, रस आंबला. बूच उडालं. फेकून देतो अन् नवीन करतो. बाजाराच्या दिवशी मनुका आणा लागीन."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. "त्यावर प्रार्थना झाली आहे. प्रभूसाठी वेगळं काढलेलं उकिरड्यावर ओतायचं?"

"पण वास येऊन राह्यला."

"आंबट झाला असेल. गूळ घाल थोडा आणि पुन्हा गाळून ठेव."

गूळ! आंबलेल्यात गूळ घातला की सडवा अजून चढतो हे आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी म्हटलं, "गुळानं अजून चढीन ना, मास्तर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चढेल? हे शब्द बरे माहीत आहेत तुला."

पोरं हसली. मी परत आले. बाटली देवळातल्या पेटीत ठेवली. गूळ मी घातला नाही. नंतर कळलं की मास्तरांनी आपल्या हातानं घातला.

शनिवारी हे जेवता जेवता म्हणाले, "मी प्याला घेणार नाई."

सासू म्हणाली, "एक घोट तं असते, बाबू. ओठ लावजो अन् सोडून देजो."

"माय, मले एक घोट नसते."

"लोक काय म्हनतीन?"

"देवाले माहीत हाय."

"देव पंचात बसते काय?" सासू म्हणाली.

आमच्यात प्याला न घेणं ही साधी गोष्ट नव्हती. ज्याच्या हातून पाप झालं आहे आणि ज्यानं ते कबूल केलेलं नाही, त्यानं प्याला घेऊ नये, अशी शिकवण. म्हणून एखाद्यानं प्याला सोडला की सगळं देऊळ वळून पाहायचं आणि आठ दिवस त्याच्या पापाचा शोध चालायचा. हे सगळं ह्यांना ठाऊक होतं. घंटा वाजवायची असल्यामुळे घरी राहण्याचाही मार्ग नव्हता.

आइतवारी पाळकसाहेब आले. आजारातून उठलेले, बारीक झालेले. त्यांनी त्या दिवशी नेमका मोहावरच उपदेश केला. जो मोहात टिकतो त्याला मुकुट मिळेल, असं ते म्हणाले. मी पदराआडून ह्यांच्याकडे पाहिलं. हे पुरुषांच्या रांगेत शेवटी बसले होते आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले होते.

मास्तरांनी भाकरीची ताटली फिरवली. ह्यांनी भाकर घेतली. मग पाळकसाहेब प्याला घेऊन निघाले. प्याला एकच, सगळ्यांच्या ओठाला तोच. प्रत्येक माणूस घोट घेताना थोडा थबकत होता, हे मी पाहिलं. एका म्हाताऱ्या आबांनी तर दोन घोट घेतले. प्याला ह्यांच्यापाशी आला. ह्यांनी मान खाली घातली आणि हात तसेच मांडीखाली ठेवले. पाळकसाहेब थांबले. त्यांनी प्याला जरा पुढे केला. ह्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. मग ह्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

सगळं देऊळ वळलं.

प्याला बायकांच्या रांगेत आला तेव्हा मी घोट घेतला. जिभेवर चरचरलं आणि घशातून खाली ऊन उतरत गेलं. उरलेला रस नियमाप्रमाणे पाळकसाहेबांनी स्वतः संपवला. प्याला पुसून पालथा घातला. बाटलीत काही उरलं नाही.

बाहेर आल्यावर आबांनी मिशा पुसल्या आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "आज रस जोरात होता बाप्पा. देवाचा आत्मा नाकातून निंगाला."

दोघं हसले. मी कानांनी ऐकलं.

जेवणं झाल्यावर शाळेच्या खोलीत पंच बसले. ह्यांना बोलावलं. मी आणि सासू दाराशी उभ्या राहिलो. मास्तर म्हणाले, "प्याला का सोडलास?"

"प्याल्याले वास येत होता, मास्तर."

"कशाचा?"

"दारूचा."

मास्तर म्हणाले, "प्रभूच्या प्याल्याला दारूचा वास! शंभर माणसांनी तो प्याला घेतला. कोणाला आला नाही, तुलाच कसा आला?"

"आला असन सगळ्याईले. इचारा ना."

मास्तर वळले. "सांगा. आला का कोणाला वास? आणि आला असेल तर तो दारूचा आहे हे कसं ओळखलंत, तेही सांगा."

त्या एका वाक्यानं सगळ्यांची तोंडं बंद झाली. आमच्या मंडळीत प्रत्येकानं दारू न पिण्याची शपथ घेतलेली. चव ओळखली म्हणणारा माणूस आपणच आपल्याला पकडून देणार. मी आबांकडे पाहिलं. ते आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते.

तेव्हा मी बोलले. देवळात, पंचात बाईनं बोलायचं नसतं. मी तर घरातही बोलत नसे. म्हटलं, "रस मी केला. तो आंबला होता. मंगळवारीच मास्तराईले सांगितलं मी."

मास्तर शांतपणे म्हणाले, "आंबट झाला म्हणाली होतीस. बायको नवऱ्याचं झाकणारच. मला दोष नाही द्यायचा तिला." मग ह्यांना म्हणाले, "अरे, तू पुन्हा पिऊ लागला आहेस. भाकर घेतलीस, पण प्याल्यापाशी देवाची भीती वाटली. देवानं तुझी परीक्षा घेतली आणि तू नापास झालास."

शाळामास्तराला देवही शाळामास्तरच दिसतो, असं मला तेव्हा वाटलं. छडी घेऊन बसलेला, आणि कोण चुकतं याची वाट पाहणारा.

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. सगळ्यांत जास्त रस त्यांच्याच पोटात गेला होता. त्यांचे डोळे लाल होते. तापानं असतील. ते म्हणाले, "आपण प्रेमानं वागू या. भावानं मंडळीसमोर उभं राहून एवढं म्हणावं, की मी चुकलो, मी प्यालो होतो. मंडळी क्षमा करील. घंटा, खोली, सगळं जसंच्या तसं राहील."

"अन् नाई म्हटलं तं?" ह्यांनी विचारलं.

मास्तर म्हणाले, "तर मंडळीबाहेर."

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा मोह येऊन बसला, आणि तो पहिल्यापेक्षा गोड होता. दोन शब्द बोलले की सगळं परत. सासू तर रोज मागे लागायची. "म्हनून टाक ना बाबू! तोंडाची वाफ ते. अशीच गेली, तशीच गेली. त्या पोरीपाशी निजाचं हाय ना तुले?"

हे म्हणायचे, "तिच्याच मातीवर हात ठेवून सोडली ना व मी, माय. आता पेलो म्हनू तं तिले काय सांगू?"

माझ्याही मनात यायचं की म्हणावं, संपवावं. मी तसं बोलले नाही, पण हे माझ्या तोंडाकडे पाहून ओळखायचे. एकदा म्हणाले, "तुले बी वाटते ना?" मी भाकरी थापत राहिले.

हे म्हणाले नाहीत. खोली सोडावी लागली. बौद्ध झालेल्या भावकीतली एक चुलत नणंद होती, तिनं आपल्या घराच्या पडवीत जागा दिली. ती तोंडाची फटकळ. आमची भांडी आत घेताना म्हणाली, "काय व वयनी, तुमच्या देवाच्या घरी न पिनाऱ्याले बाहेर हाकलते? आमच्यात तं शपथच हाय न प्याची. इकडं आला असता तं सत्कार केला असता त्याचा."

हे हसले. किती तरी दिवसांनी हसले. "बाई, पुढच्या टायमाले पाहू."

"पुढचा टाइम तुमचा नाई, आमचा हाय," ती म्हणाली आणि आमचा रांजण स्वतः उचलून आत ठेवला. तिनं आम्हाला तिच्या धर्मात ओढलं नाही, आणि आइतवारी माझ्या हातात शास्त्र पाहून कधी तोंडही वाकडं केलं नाही. माझ्या मंडळीतली एकही बाई त्या पडवीत आली नाही.

ह्यांना आता मजुरीला जावं लागे. आइतवारी घंटा झाली की हे देवळाबाहेरच्या दगडावर जाऊन बसत. आतलं गाणं ऐकू यायचं. नवा राखणदार घंटा भलत्याच घाईनं वाजवायचा. हे बोटांनी मांडीवर नीट ठोका धरायचे. मी आत जायची. मला कोणी काढलं नव्हतं. त्यांना बाहेर दगडावर ठेवून मी आत बसायची, हे आठवलं की अजून तोंड कडू होतं. पण हेच मला पाठवायचे. "तू जाय. देवानं आपलं काय केलं? त्याचं अन् आपलं भांडन नाई."

दोन पावसाळे असे गेले. जिनातली धूळ छातीत बसलेली होतीच. तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर ह्यांनी अंथरूण धरलं. शेवटी शेवटी पाळकसाहेब भेटायला आले. एकटे आले, मास्तरांना न सांगता. पडवीत घोंगडीवर बसले. पिशवीतून भाकर आणि लहान बाटली काढली. म्हणाले, "भाऊ, मी हे तुझ्यासाठी आणलं आहे. ताजं आहे. फक्त एकदा म्हण, म्हणजे माझे हात मोकळे होतील."

ह्यांना दम लागत होता. म्हणाले, "साहेब, एक इचारतो. त्या दिशी तुमी पेले. कसा लागला होता?"

पाळकसाहेबांनी बाटली खाली ठेवली.

"तुमी सांगा. मंग मी सांगतो."

पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या हळू म्हणाले की मी पुढे वाकले. "आंबलेला होता. मला पहिल्याच घोटाला कळलं."

"मंग?"

"मग काय भाऊ, प्याला हातात होता. सगळे पाहत होते."

हे म्हणाले, "मले बी सगळेच पाहत होते."

पाळकसाहेबांनी पुढे काही मागितलं नाही. भाकर मोडून दिली, प्याला ह्यांच्या ओठाला लावला. आधी ह्यांनी वास घेतला. मग प्यायले.

मला वाटलं, आता साहेब आइतवारी देवळात उभे राहून हे सांगतील. पुढच्या आइतवारी ते आले. माणसानं संकटात धीर कसा धरावा यावर बोलले. पडवीतलं पडवीतच राहिलं. चार दिवसांनी हे गेले. पाळकसाहेब तेव्हा दुसऱ्या गावी होते. मास्तर म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. हे कुंपणाच्या बाहेर गेले. मुलगी आत कुंपणालगत, हे बाहेर, मधे बाभळीचे काटे. खड्डा नणंदेच्या मुलांनी खणला. ह्यांनी लावलेले चार दगड आत तसेच रिकामे राहिले.

वस्तीत बोलणं झालं की देवानं शेवटी न्याय केला. हे ऐकून मला जितकी चीड आली तितकी ह्यांच्या मरणानं आली नाही. रस उन्हानं आंबला. फेकायचा तो हट्टानं ठेवला. गूळ एका माणसानं घातला. खरं सगळ्यांच्या जिभांना कळलं आणि भीतीनं सगळ्या जिभा गिळून बसल्या. यात देव कुठे आहे? मी शोधला. मला तो एकाच ठिकाणी सापडतो. ह्यांच्या मांडीखाली दाबून धरलेले ते दोन हात, त्यांना त्या दिवशी बळ कुठून आलं? ह्यांचं स्वतःचं बळ मला माहीत होतं, ते नाल्यापर्यंत पुरत नसे. बायबलबाई म्हणायच्या तसं, चांगलं ते त्याच्याकडून. बाकीचं आम्ही माणसांनी केलं आणि त्याच्या नावावर ढकललं.

साहेबांनी सांगितलेला मुकुट मात्र मी पाहिला नाही. काटे पाहिले.

खोली सुटली तेव्हापासून मी रस केला नाही. कोणी सांगायलाही आलं नाही, मास्तरांच्या घरी होऊ लागला. हे गेल्यापासून प्रभुभोजनाला मी भाकर घेते आणि प्याला पुढे जाऊ देते. पहिल्यांदा सोडला तेव्हा पाळकसाहेबांनी प्याला पुढे केला नाही, लगेच शेजारणीकडे नेला. मास्तरांची बायको मागच्या रांगेतून म्हणाली, "हिलेबी लागली वाटते आता." बायका पदरात हसल्या. मी ऐकून घेतलं. पंचात मला बोलावतील, तेव्हा सगळं बोलायचं असं मी ठरवून ठेवलं होतं. कोणी बोलावलं नाही. मी काय बोलेन हे त्यांना माहीत होतं.

कुंपणाचं सांगायचं राहिलं. बाभळीचे काटे पावसानं कुजतात, शेळ्या घुसतात, म्हणून दिवाळीनंतर कुंपण दर वर्षी नव्यानं घालावं लागतं. हे गेले त्याच वर्षी मास्तरांनी आंजीकडचे दोन मजूर लावले. त्यांना आमचं काही ठाऊक नव्हतं. त्या बाजूला बाभळीचं एक जुनं झाड होतं, ह्यांच्या मातीच्या जरा पलीकडे. खुंट्या ठोकायचा कंटाळा म्हणून त्यांनी काटे त्या झाडालाच बांधून टाकले आणि ओळ तिथून वळवली. मी आणि सासू गेलो तेव्हा ते विड्या ओढत बसले होते. ह्यांची माती कुंपणाच्या आत होती.

सासू मजुरांना म्हणाली, "कोनी सांगतलं बापा इकडून घालाले?"

एक मजूर घाबरला. "चुकलं काय माय? काढू काय?"

"नोको, नोको. बेस झालं." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बसला बा आतमंदी. पंचाईले इचारलंबी नाई."

मास्तर संध्याकाळी पाहणी करायला आले. कुंपणाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मजुरांना म्हणाले, "हं. ठीक आहे." त्यांनी ते हलवायला लावलं नाही. ह्यांना आत घेतलं असंही म्हणाले नाहीत. मीही त्यांचे उपकार मानले नाहीत.

आत शिरायची वाट आता लांबून होती. मी फेरा घेऊन गेले, ते चार रिकामे दगड एकेक करून उचलले आणि ह्यांच्या मातीवर आणून ठेवले. बापलेकींत अजून दोन हात अंतर आहे. तेवढं राहिलं.